स्पिनर, सेक्रेटरी आणि टॅनस्टॅक क्वेरी: दीड वर्ष वापरल्यावर

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू फुकटच्या वस्तूचा आहे. टॅनस्टॅक क्वेरी ही वेब अॅपमध्ये सर्व्हरवरून आणलेला डेटा सांभाळणारी, एमआयटी लायसनची ओपन सोर्स लायब्ररी, एक रुपया द्यावा लागत नाही, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही. पण वेळ जातो ना, आणि चुकीची लायब्ररी गळ्यात पडली की तो वेळ पैशापेक्षा महाग पडतो, म्हणून लिहितोय. जुनं नाव रिअॅक्ट क्वेरी, कारण आधी ती फक्त रिअॅक्टसाठी होती, म्हणजे वेबच्या स्क्रीन बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीसाठी. टॅनर लिन्सले या माणसाने सुरू केली, २०२२ मध्ये चौथ्या आवृत्तीला नाव बदलून टॅनस्टॅक क्वेरी झालं कारण मग ती व्ह्यू, सॉलिड, स्वेल्ट अशा रिअॅक्टसारख्या इतरांसाठीपण यायला लागली. मी रिअॅक्टसोबतच वापरलीय, त्यामुळे बाकीच्यांबद्दल मला विचारू नका.

काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सांगली जिल्ह्यातली एक दूध संस्था, सात संकलन केंद्रं, साडेचारशेच्या आसपास उत्पादक. केंद्रावर वजनकाटा आणि फॅटचं मशीन, त्यातून प्रत्येकाचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरच्या बाजूला जातात. बॅकएंड माझ्या मित्राने बनवलेला, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), वर डेटा बाहेर द्यायला जँगो रेस्ट फ्रेमवर्क. माझ्याकडे स्क्रीन. म्हणजे आजचं संकलन किती, सकाळची पाळी किती संध्याकाळची किती, गाय किती म्हैस किती, कोणाचा फॅट अचानक पडला, दहा दिवसांचं बिल, दरपत्रक. ऐकायला सोपं आहे, बॅकएंडकडून जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) घ्यायचा आणि टेबलात ओतायचा, त्यात काय एवढं. मीपण असंच म्हणालो होतो, आणि तीन आठवड्यात देतो असा शब्दपण देऊन बसलो होतो.

पहिली आवृत्ती मी लायब्ररीशिवाय केली, साधा फेच (ब्राउझरची डेटा मागवायची सोय) आणि रिअॅक्टचे यूजइफेक्ट, यूजस्टेट. प्रत्येक स्क्रीनला तीन स्टेट, म्हणजे लक्षात ठेवायच्या गोष्टी: डेटा, लोडिंग, एरर. अकरा स्क्रीन म्हणजे तेहतीस स्टेट, आणि त्यातली निम्मी एकमेकांची कॉपी पेस्ट. चाललं, दिसायला बरं दिसलं, डेमो झाला, चहा झाला. मग संस्थेच्या ऑफिसात ते त्यांच्या नेटवर चालू झालं आणि चौथ्या दिवशी सेक्रेटरी आण्णांचा फोन. "अहो इंजिनियर, वर तारीख तेरा हाय आणि आकडं बाराचं हायत, ह्ये काय गौडबंगाल?"

मला आधी वाटलं आण्णांचंच काहीतरी चुकतंय. नाही. झालं असं की त्यांनी बारा तारीख दाबली, ती चुकीची वाटली म्हणून लगेच तेरा दाबली. दोन विनंत्या गेल्या. तेराचं उत्तर आधी आलं, बाराचं रेंगाळत नंतर आलं आणि तेराच्या डोक्यावर जाऊन बसलं. माझ्या घरच्या फायबरवर हे कधी दिसलंच नसतं कारण दोन्ही उत्तरं पापणी लवायच्या आत येतात. याला रेस कंडिशन म्हणतात हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं होतं, पण माहीत असणं आणि अकरा ठिकाणी जुनी विनंती रद्द करणारा अबॉर्टकंट्रोलर लावत बसणं यात फरक आहे. त्याच रात्री ठरवलं की हे हाताने करणं बास.

यात आपली काही नवीन अडचण नाहीये हां. ब्राउझरमधून पान न बदलता सर्व्हरकडून डेटा आणायची सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आली, २००५ ला त्याला अजॅक्स हे नाव मिळालं, २००६ ला जेक्वेरी आली तेव्हा सगळे म्हणाले सुटलो बुवा. मग २०१३ ला रिअॅक्ट, २०१९ ला त्याचे हुक्स (यूजस्टेट वगैरे). आणायची सोय दरवेळी सोपी होत गेली, पण आणलेलं शिळं कधी झालं समजायचं हा प्रश्न तिथेच राहिला. टॅनस्टॅक क्वेरी नेमकी त्या प्रश्नावर बसलीय, आणणं वगैरे ती करतच नाही, ते तुमचं तुम्हीच करायचं फेचने किंवा अॅक्सिओस नावाच्या लायब्ररीने. हे नवीन लोकांना लवकर कळत नाही, मलापण नव्हतं कळलं. ती फेचच्या जागी येणारी गोष्ट नव्हे, फेचच्या डोक्यावर बसणारा मुनीम आहे. कोणता डेटा कधी आणला, कोणाकोणाला तो पाहिजे, परत कधी आणायचा, कधी फेकायचा, याची वही तो ठेवतो.

आता वापरायला कशी. तुम्ही एक की देता आणि एक फंक्शन देता. की म्हणजे त्या डेटाचं नाव, उदाहरणार्थ संकलन, केंद्र ३, तारीख तेरा. फंक्शन म्हणजे तो डेटा आणायचा कसा. बदल्यात तुम्हाला डेटा, एरर, लोड होतंय का हे सगळं आयतं मिळतं. बाराचं उत्तर उशिरा आलं तरी ते बाराच्याच खणात जातं, तेराच्या खणाला हात लावत नाही, त्यामुळे आण्णांचं गौडबंगाल एका झटक्यात गेलं. पाच कंपोनंटनी (स्क्रीनच्या तुकड्यांनी) एकाच वेळी एकच डेटा मागितला तरी विनंती एकच जाते. डॅशबोर्डच्या वरच्या पट्टीत आणि खालच्या टेबलात तेच संकलन लागतं, पूर्वी मी ते वरून खाली प्रॉप्समधून पोचवत बसायचो, पाइपलाइन टाकल्यासारखं, ते सगळं काढून टाकलं. त्या दिवशी जवळजवळ सहाशे ओळी डिलीट केल्या, कोड डिलीट करण्यासारखं सुख नाही राव.

इथपर्यंत कौतुक झालं. आता खरं सांगतो, कारण पहिला महिना मला या लायब्ररीचा रागच आला होता, आणि नंतर लक्षात आलं की चूक जवळपास प्रत्येक वेळी माझीच होती, पण कुठे पाय घसरतो ते कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली घसरण कीची. संध्याकाळच्या पाळीचं बटन दाबलं तरी सकाळचेच आकडे. अर्धा दिवस बॅकएंडवाल्या मित्राचं डोकं खाल्लं, "अरे तू पाळीचा फिल्टर लावलाच नाहीयेस". त्याने शांतपणे लॉग पाठवला, विनंतीच आलेली नव्हती. कारण मी कीमध्ये केंद्र आणि तारीख टाकलेली, पाळी टाकायची विसरलो, त्यामुळे लायब्ररीच्या मते सकाळ आणि संध्याकाळ एकच खण. नियम सोपा आहे, फंक्शनमध्ये जे जे बदलतं वापरलंय ते ते कीमध्ये पाहिजे. यासाठी ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या टूलचा त्यांचा प्लगइन आहे, तो असं काही राहिलं की लगेच लाल रेघ ओढतो. मी तो आळसाने लावला नव्हता. तुम्ही पहिल्या दिवशी लावा.

दुसरी घसरण फेचची, आणि ही तर क्लासिक आहे. फेच सर्व्हरने ४०१ (लॉगिन नाही) दिला काय आणि ५०० (सर्व्हरच बिघडला) दिला काय, एरर फेकतच नाही. त्याच्या मते उत्तर आलं म्हणजे काम झालं, नेटच तुटलं तर तेवढा रडतो. आणि टॅनस्टॅक क्वेरीला तर फंक्शनने एरर फेकला तरच एरर आहे हे कळतं. झालं काय, आण्णांचं लॉगिन एक्स्पायर झालं, बॅकएंडने ४०१ सोबत एक छोटासा जेसन पाठवला, ज्यात यादीच्या जागी निरोप होता. लायब्ररी म्हणाली वा, डेटा आला. माझा कोड त्या निरोपाला यादी समजून मॅप करायला गेला आणि पांढरं पान. ऑफिसात गर्दीच्या वेळी, बिलाच्या दिवशी. रिस्पॉन्स ओके आहे का हे तपासणारी एक ओळ, तेवढ्यासाठी. आता मी एकच छोटं फंक्शन लिहून ठेवलंय, सगळ्या विनंत्या त्यातूनच जातात, ओके नसेल तर स्टेटस कोडसकट एरर फेकतं. अॅक्सिओस वापरणाऱ्यांना हे आयतं मिळतं हे मान्य.

मग असे एरर फेकायला लागलो तर तिसरीच भानगड. सभासद नंबर चुकीचा टाकला की "असा सभासद नाही" हे यायला सात-आठ सेकंद. बॅकएंड तर पटकन ४०४ (सापडलं नाही) देतोय, मग हा एवढा वेळ करतोय काय? तर ही लायब्ररी आपोआप तीन वेळा परत प्रयत्न करते, पहिल्यांदा एक सेकंद थांबून, मग दोन, मग चार, एकूण सात सेकंद. नेटचा भरवसा नसेल तर ही फार चांगली सोय आहे, आमच्या केंद्रांवर तिच्यामुळेच निम्म्या तक्रारी गेल्या. पण जो सभासद नाहीच तो सात सेकंदांनी थोडीच जन्माला येणार आहे. या परत प्रयत्नाच्या सेटिंगला, म्हणजे रिट्रायला, आकड्याच्या जागी फंक्शन देता येतं, मी तिथे लिहिलं की ४०० ते ४९९ मधलं काही (म्हणजे विनंतीतच चूक) असेल तर परत जाऊ नको. या तीन ओळी मला वाटतं प्रत्येक प्रोजेक्टमध्ये लागतात.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. स्टेलटाइम.

लायब्ररी म्हणते की आणलेला डेटा किती वेळ ताजा समजायचा ते तुम्ही सांगा. नाही सांगितलं तर शून्य, म्हणजे आला त्या क्षणी शिळा. आणि शिळा डेटा असेल तर कंपोनंट परत स्क्रीनवर आला, किंवा दुसऱ्या टॅबवरून माणूस परत या टॅबवर आला, किंवा गेलेलं नेट परत आलं, की ती गुपचूप परत आणते. जुना दाखवत दाखवत मागून नवा. कल्पना भारी आहे. पण आमचे आण्णा दिवसभर एका टॅबवर व्हॉट्सॅप आणि एका टॅबवर डॅशबोर्ड, दर दोन मिनिटाला इकडून तिकडे. दर वेळी महिन्याचा रिपोर्ट परत मागितला जायचा, आणि तो रिपोर्ट बॅकएंडवर सहा सेकंद घ्यायचा. मित्राचा फोन, "भावा तू सर्व्हर मारायला निघालास का?" मी आधी केलं काय, फोकसवर परत आणणं सगळीकडे बंदच केलं. बहुतेक लोक हेच करतात, आणि मग लायब्ररीचा अर्धा जीव जातो.

खरं करायचं ते असं की बसून प्रत्येक डेटाचं वय ठरवायचं. आम्ही आण्णांना घेऊन बसलो, कागदावर. दरपत्रक कधी बदलतं? क्वचित, आणि बदललं की आधी सर्क्युलर येतं. मग ते एक दिवस ताजं. सभासदांची यादी? आठवड्यात एखादा नवीन, एक तास. आजचं संकलन? पाळी चालू असताना दर पंधरा सेकंदाला, पाळी संपली की कशाला. बंद झालेलं दहा दिवसांचं बिल? ते तर बदलताच कामा नये, बदललं तर पोलिसात जावं लागेल असं आण्णाच म्हणाले. मग तिथे इन्फिनिटी, म्हणजे कधीच शिळं नाही. ही चर्चा पाऊण तासाची होती आणि पूर्ण प्रोजेक्टमधली सगळ्यात उपयोगाची चर्चा हीच झाली, कारण तोपर्यंत मी सगळ्या डेटाकडे एकाच नजरेने बघत होतो. दूधवाल्याला हे शिकवावं लागत नाही. कच्चं दूध किती तास, बल्क कूलरमधलं किती, पावडर किती महिने, प्रत्येकाचं वेगळं असतं हे त्यांना लहानपणापासून माहीत. इंजिनियरलाच शिकवावं लागतं.

एक घोळ मात्र लक्षात ठेवा, स्टेलटाइम पंधरा सेकंद दिला म्हणजे दर पंधरा सेकंदाला आपोआप येणार असं नाही. शिळं झालं एवढंच, आणायला निमित्त लागतं. घड्याळ लावून आणायचं असेल तर रिफेचइंटर्व्हल वेगळा द्यायचा. तो टॅब मागे गेला की स्वतःच थांबतो, हे चांगलंय. आणि तिसरा एक आहे, जीसीटाइम, म्हणजे कोणीच वापरत नसलेला डेटा मेमरीत किती वेळ ठेवायचा, नाही सांगितलं तर पाच मिनिटं. याचं जुनं नाव कॅशटाइम होतं आणि त्या नावामुळे अख्ख्या जगाचा गैरसमज व्हायचा की हाच ताजेपणाचा आकडा, म्हणून पाचव्या आवृत्तीत नाव बदललं. बदललं ते बरंच केलं.

पण आवृत्त्यांवरून बोलायला पाहिजे. पाचवी आवृत्ती ऑक्टोबर २०२३ ला आली आणि तिच्यात बरंच काही हललं. पूर्वी यूजक्वेरीला (की आणि फंक्शन ज्याला देतो ते) आर्ग्युमेंट तीन प्रकारे देता यायची, आता एकच ऑब्जेक्ट. डेटा अजून आलेला नाही हे सांगणारं इजलोडिंग जे होतं ते आता इजपेंडिंग, आणि इजलोडिंग हे नाव अजून आहे पण अर्थ थोडा वेगळा. यूजक्वेरीमधले ऑनसक्सेस, ऑनएरर (यश किंवा एरर आल्यावर चालणारी फंक्शनं) काढूनच टाकले. प्रत्येक बदलामागचं कारण वाचलं तर पटतं, सध्या जे मुख्य सांभाळतात ते डॉमिनिक डॉर्फमायस्टर यांनी त्यावर सविस्तर लिहिलंय आणि ते लिखाण डॉक्युमेंटेशनइतकंच कामाचं आहे. पण परिणाम असा की यूट्यूबवर सापडणारे निम्मे व्हिडिओ जुन्या आवृत्तीचे, आणि एआयला विचारलं की तोपण मध्येच तिसऱ्या आवृत्तीचा कोड आत्मविश्वासाने ठोकून देतो. त्यामुळे शिकताना सरळ अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडा, वर आवृत्ती कोणती आहे ते बघा, मगच पुढे.

डेव्हटूल्सबद्दल, म्हणजे लायब्ररीच्या आत काय चाललंय ते दाखवणाऱ्या खिडकीबद्दल, दोन शब्द, कारण मला लायब्ररीपेक्षाही तेच जास्त आवडलंय. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक बटन येतं, उघडलं की सगळ्या क्वेऱ्यांची यादी, हिरवा म्हणजे ताजा, पिवळा म्हणजे शिळा, निळा म्हणजे आत्ता आणतोय, जांभळा म्हणजे नेट नाही म्हणून थांबलाय, करडा म्हणजे कोणी वापरत नाहीये. वर मी पाळी कीमध्ये विसरलो ते याच्यात दहा सेकंदात दिसलं असतं, पण मी तेव्हा ते लावलेलंच नव्हतं, अर्धा दिवस भांडलो. लोकांना द्यायच्या प्रॉडक्शन बिल्डमध्ये ते आपोआप गळतं, त्यामुळे आण्णांना दिसायची भीती नाही.

त्या जांभळ्यावरून आठवलं. नेट गेलं असताना नवीन स्क्रीन उघडली तर लायब्ररी एरर देत नाही, विनंती थांबवून ठेवते आणि नेट आल्यावर सोडते. छान आहे, पण स्क्रीनवर नुसता इजपेंडिंग बघून स्पिनर (लोड होतंय दाखवणारं चक्र) लावलेला असेल तर तो स्पिनर गोल गोल गोल, नेट येईपर्यंत. लोड शेडिंगच्या गावात हे फार दिसतं. फेचस्टेटस नावाची वेगळी गोष्ट आहे, ती पॉज्ड असेल तर मी आता "नेट नाही, आलं की आपोआप दिसेल" अशी पट्टी दाखवतो. ही पट्टी टाकल्यापासून फोन कमी झाले, माणसाला वाट बघायला काही वाटत नाही, कशाची वाट बघतोय ते सांगावं लागतं एवढंच.

पानं पालटताना टेबल लुकलुकायचं, त्यासाठी जुना डेटा तसाच ठेवायची सोय आहे, प्लेसहोल्डरडेटामध्ये कीपप्रीव्हियसडेटा द्यायचा. मी खूश होऊन सगळीकडे लावला आणि परत आण्णांचा फोन, वर तेरा आणि आकडे बाराचे! म्हणजे जो रोग घालवायला लायब्ररी आणली तोच मी हौसेने परत लावून घेतला, फरक एवढाच की सेकंदभराने तो स्वतःच बरा होतो. पानांसाठी ठीक आहे, तारखेसाठी नको. किंवा मग इजप्लेसहोल्डरडेटा बघून टेबल फिकं करा म्हणजे कळतं की हे जुनं आहे.

बदल पाठवायचा भाग, म्हणजे म्युटेशन. फॅट दुरुस्त केला, पाठवला, यशस्वी झालं की "संकलन" ने सुरू होणाऱ्या सगळ्या की शिळ्या झाल्या असं सांगायचं, जे स्क्रीनवर आहे ते लगेच परत येतं, बाकीचं लागेल तेव्हा. एवढं सुटसुटीत आहे की मी यावर जास्त बोलत नाही. ऑप्टिमिस्टिक अपडेट म्हणून एक प्रकार आहे, सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच स्क्रीनवर बदल दाखवून टाकायचा आणि फसलं तर मागे घ्यायचा. लाइकच्या बटनाला मस्त. पण फॅटच्या एका पॉइंटवर दर बदलतो, दरावर शेतकऱ्याचा पगार बदलतो, तिथे मी "झालं" असं खोटं एक सेकंदही दाखवणार नाही. सेव्ह होतंय असं लिहून येऊ दे, थांबतील लोक.

लायब्ररी काय करत नाही तेपण सांगतो, कारण डॅशबोर्डमधल्या सगळ्यात वाईट चुका तिच्या हद्दीबाहेरच्या निघाल्या. जँगो रेस्ट फ्रेमवर्क डेसिमल आकडे जेसनमध्ये स्ट्रिंग, म्हणजे अक्षरं म्हणून पाठवतो, त्याचं बरोबर आहे, अचूकता जाऊ नये म्हणून. मी बेरीज केली तर ते मिळवले जाण्याऐवजी एकमेकांना चिकटले आणि एकूण लिटर आलं ०१२.५०८.२०१५.०० असं काहीतरी, फोन नंबर वाटावा असं. दुसरं, सरासरी फॅट. मी सगळ्यांचे फॅट बेरीज करून भागिले माणसं. आण्णांनी दोन मिनिटात पकडलं, "ज्याचं दोन लिटर त्याचा आन् ज्याचं चाळीस लिटर त्याचा फॅट एकाच मापानं मोजलास का बाबा?" लिटरच्या प्रमाणात काढायची असते ती. तेव्हापासून कुठलाही हिशोब फ्रंटएंडला (स्क्रीनच्या बाजूला) करत नाही, बॅकएंडने आकडा द्यायचा, मी दाखवायचा.

आणि तिसरं, माझ्या आयुष्यातला सगळ्यात आवडता बग. सकाळची पाळी पाचला सुरू होते. पाच ते साडेपाचमध्ये डॅशबोर्ड उघडला की कालचा दिवस दिसायचा, साडेपाच झाले की आपोआप बरोबर. दोन आठवडे कोणी मला सांगितलंच नाही कारण केंद्रावरच्या पोराला वाटायचं मशीन गार आहे, तापलं की चालतं. मी आजची तारीख टूआयएसओस्ट्रिंग करून त्याची पहिली दहा अक्षरं घेत होतो. ती तारीख यूटीसीची (जागतिक प्रमाण वेळेची) असते, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत तिकडे कालच असतं. शहरातल्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये हा बग वर्षानुवर्षं कोणाला दिसणार नाही, दहाला कामावर येतात सगळे. दूधवाल्यांकडे पहिल्या दिवसापासून. आता जावास्क्रिप्टमधल्या इंटल या सोयीच्या डेटटाइमफॉरमॅटला एशिया कोलकाता टाइमझोन देऊन तारीख काढतो. त्याच इंटलमध्ये आकड्यांना एमआर-आयएन (मराठी, भारत) दिलं की १२,३४,५६७ असे मराठी आकडे लाखाच्या स्वल्पविरामासकट येतात, हे दाखवलं तेव्हा संस्थेत जेवढं कौतुक झालं तेवढं बाकी कशाचंच झालं नाही. सहाशे ओळी डिलीट केल्या त्याचं तर कोणी नावच काढलं नाही.

दुसरे पर्याय बघितले का, तर हो. एसडब्ल्यूआर ही अशीच लायब्ररी आहे, व्हर्सेल कंपनीची, जास्त छोटी, चारपाच स्क्रीनचं आणि बहुतेक वाचायचंच काम असेल तर तीच घ्या, शिकायला एक दुपार पुरते. प्रोजेक्टमध्ये आधीच रिडक्स टूलकिट (स्टेट सांभाळणारी लायब्ररी) असेल तर त्यातच आरटीके क्वेरी येते, मग वेगळी कशाला. आणि एक पान, एक टेबल, दिवसातून दोनदा बघायचं, असं असेल तर रिअॅक्टच कशाला पाहिजे, जँगोच्या टेम्पलेटमधून सरळ एचटीएमएल पाठवा, सुखाने झोपा. मी स्वतः संस्थेचं नोटीसबोर्डचं पान तसंच केलंय.

ज्यांनी नुकतंच जावास्क्रिप्ट शिकायला घेतलंय त्यांनी मात्र पहिला महिना हिला हात लावू नये असं माझं मत. साध्या फेचने दोन स्क्रीन करा, नेट स्लो करून बघा (ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये थ्रॉटलिंग असतं), एकदा बाराचे आकडे तेरावर चढलेले डोळ्यांनी बघा. नाहीतर ही लायब्ररी काय वाचवतेय तेच कळत नाही आणि मग नुसती नावं पाठ होतात. मला आज स्टार द्यायला सांगितले तर पाचात साडेचार, अर्धा कापला तो रिट्रायच्या सात सेकंदांसाठी आणि शून्य स्टेलटाइमसाठी, दोन्ही सवयी समजून घेतल्यावर बरोबर वाटतात पण नवीन माणसाला आधी ठेच लागतेच.

शेवटची एक गंमत. प्रत्येक क्वेरीसोबत डेटाअपडेटेडअॅट मिळतं, म्हणजे हा डेटा शेवटचा कधी आला. मी ते प्रत्येक टेबलाच्या वर बारीक अक्षरात टाकलं, "६.४२ पर्यंतचं". आण्णा आता आकड्यांच्या आधी ते बघतात. पण तरी त्यांनी मागणी केली की शेजारी "ताजं करा" असं बटन पाहिजेच. म्हटलं आण्णा, दर पंधरा सेकंदाला आपोआप येतंय की. "येत आसंल, पर आपण दाबलं म्हंजी बरं वाटतं." दिलं लावून, रिफेचला जोडलंय. लॉगमध्ये बघितलं तर पाळीच्या वेळात दर मिनिटाला दोनतीनदा दाबतात.